औंध मुलखाची काटकसर

औंध मुलखातल्या काटकसरीचे मूळ तिथल्या पावसात आहे. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, आणि पूर्वेला माण-खटावकडे, पुढे सांगलीच्या आटपाडीकडे, तो चारशे-पाचशे मिलिमीटरवर येऊन थांबतो. सह्याद्री ओलांडून उरलेसुरले जे ढग या बाजूला येतात, ते वेळेवर बरसतीलच याची खात्री नसते. मृग कोरडा गेला तर बाजरी बुडते, परतीचा पाऊस हुकला तर शाळू बुडतो. दोन्ही हुकले की माणसाच्या आधी जनावरांचे हाल सुरू होतात. अशी वर्षे दर पिढीत येत राहिली, त्यामुळे इथल्या संसाराची घडी चांगल्या वर्षाच्या हिशेबाने कधीच बसली नाही. सुगी झाली तरी हात आखडूनच खर्च व्हायचा.

पूर्वीचे औंध संस्थान याच प्रदेशात विखुरलेले होते. औंध, आटपाडी, कुंडल आणि गुणदाळ असे चार तालुके, मिळून ७२ गावे आणि सुमारे ५०० चौरस मैल मुलूख. तोही सलग नाही. मध्ये इंग्रजी हद्द, मध्ये दुसऱ्या संस्थानाची गावे. आज औंध साताऱ्यातल्या खटाव तालुक्यात आहे, आटपाडी व कुंडल सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ कर्नाटकात गेले. कुंडलला कृष्णेच्या खोऱ्याचा थोडा आधार होता. औंध आणि आटपाडी मात्र अस्सल कोरडवाहू.

या भागातली काटकसर सुरू होते धान्य ठेवण्यापासून. घरात कणगी असे, तिला शेणामातीने लिंपलेले असे, आणि धान्यात राख व कडुलिंबाचा पाला मिसळून किडीचा बंदोबस्त केलेला असे. जास्तीची ज्वारी पेवात जाई. पेव म्हणजे जमिनीत खणलेले, तोंडाशी अरुंद आणि पोटात रुंद असे कोठार. सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवे प्रसिद्ध आहेत. धान्याची पेवे त्याच जातीची. आतून पेंढा लावून धान्य भरायचे आणि तोंड दगडमातीने बुजवून टाकायचे. हवा आत गेली नाही तर ज्वारी वर्षानुवर्षे टिकते. हीच कोंडलेली हवा घातकही असते, म्हणून पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. तोंड बराच वेळ उघडे ठेवून, आत दिवा सोडून तो विझत नाही ना हे पाहिले जाई. पेवाचा आणखी एक फायदा होता. ते फोडायचे म्हणजे मोठेच काम, आणि गावाच्या डोळ्यांदेखत. त्यामुळे सहज हात घालून धान्य काढण्याचा मोह आपोआप टळे.

स्वयंपाकघरातली काटकसर याहून बारीक होती. मुख्य अन्न ज्वारी-बाजरीची भाकरी. दळताना राहिलेल्या कण्यांचा भात करायचा, पीठ आंबवून आंबील करायची. डाळीला पैसा लागतो, पण हुलगा आणि मटकी हलक्या रानात, कमी पावसातही येतात. म्हणून हुलग्याचे पीठ पाण्यात शिजवून, लसूण-मिरची घालून केलेले माडगे हे या भागाचे खरे कालवण. ते पातळ करत नेले की एका मुठीत आणखी दोन माणसे जेवतात. भाजी नसेल तेव्हा कारळाची, जवसाची किंवा शेंगदाण्याची चटणी, नाहीतर मिरचीचा खर्डा. पाऊस पडला की रानात तांदुळजा, घोळ, पाथरी, कुरडू उगवत. ते खुडायला पैसे लागत नाहीत, फक्त ओळख लागते, आणि ती ओळख आजी-आईकडून मुलींकडे जाई. शिळ्या भाकरीचा कुस्करा फोडणीला पडे किंवा ताकात जाई. उन्हाळ्यात शेवया, सांडगे, कुरडया यांचे वाळवण अंगणात पडले की शेजारच्या चार-पाच बायका एकेका घरी आळीपाळीने हात लावायला जमत. एकट्या बाईला आठ दिवस पुरणारे काम अशा गोतावळ्यात एका दुपारी उरके.

पाण्याबद्दल तर वेगळे सांगायलाच नको. भांडी राखेने घासायची, ती विसळलेले पाणी जनावरापुढे ठेवायचे, न्हाणीचे पाणी परसातल्या शेवग्याला सोडायचे. कपड्यांचा प्रवासही असाच लांबचा. लुगडे विरले की त्याचे धडुते, धडुत्याच्या चिंध्या, आणि चांगले तुकडे जपून ठेवून त्यांची वाकळ. माणदेशातल्या धनगरांची घोंगडी एकाच वेळी अंथरूण, पांघरूण, पावसातली खोळ आणि वेळप्रसंगी दाणे बांधायचे फडके असे. विकत घेतलेल्या एकाही वस्तूने इतकी कामे केली नसतील. खिलार बैलाचीही ख्याती याच गुणामुळे: निबर कडब्यावर गुजराण करतो, उन्हात चालतो आणि मालकाला उघडे पाडत नाही. औंधला यमाईची पौष पौर्णिमेची यात्रा आणि आटपाडीकडे खरसुंडीची यात्रा या दोन्ही ठिकाणी जनावरांचा मोठा बाजार भरतो, कारण या मुलखात घराची शिल्लक बँकेत नसून गोठ्यात असे.

पण एकट्याने कितीही पोटाला चिमटा घेतला तरी सलग दुसरे कोरडे वर्ष त्याला बुडवतेच. म्हणून घरची काटकसर उंबऱ्याबाहेर, शेजारपाजारच्या देवघेवीत जाऊन मिळे, आणि तिचा खरा उपयोग तिथेच दिसे. मीठ, पीठ, तेल, विरजण यांची उसनवारी रोजचीच. काडेपेटीची काडी वाचवायला शेजारून विस्तव आणायचा, तोही गोवरीवर. मापट्याने नेलेले पीठ त्याच मापट्याने परत जायचे. याची वही नसे, पण विसरही पडत नसे. ताक विकत देणे कमीपणाचे मानत. ज्याच्या घरी दुभते, त्याच्या दारी शेजारचे पोर गडू घेऊन येणार हे ठरलेले. घरात कोणी गेले की त्या घरची चूल पेटत नसे आणि भाऊबंद, शेजारी भाकरी घेऊन येत. या जेवणाला ‘कडू घास’ म्हणतात. लग्नात येणारा आहेर वरून भेट दिसतो, प्रत्यक्षात तो परतफेडीचा हिशेब असतो. अनेक घरांत आहेराच्या वह्या जपून ठेवलेल्या असत, आणि कोणाच्या लग्नात किती लुगडी-टोप्या आल्या हे पाहूनच त्यांच्याकडे किती न्यायच्या ते ठरे. ज्याच्या घरी कार्य, त्याच्याकडे एकदम मदत गोळा होते. इतरांची पाळी पुढे येते.

जनावर अर्धलीने देण्याची रीत यापेक्षा चतुर आहे. ज्याच्याकडे चार शेळ्या आहेत पण राखायला माणूस नाही, तो एक शेळी एखाद्या विधवेला किंवा भूमिहीन घराला सांभाळायला देतो. पुढची करडे दोघांत निम्मी. वर्ष-दोन वर्षांत त्या घरची स्वतःची शेळी उभी राहते, भांडवल न घालता. मेंढपाळ आणि शेतकरी यांच्यातही असाच व्यवहार चाले. कळप रात्री शेतात बसवायचा, लेंडीखताने रान कसदार होई, आणि मोबदल्यात धनगराला धान्य मिळे.

शेतीतली मदत अधिक पद्धतशीर होती, कारण तिथे चूक परवडत नाही. पेरणीची वाफ चार-आठ दिवसांत निघून जाते. तेवढ्यात बैल, माणसे आणि औते जमली नाहीत तर वर्ष गेले. लाकडी नांगराला चार-सहा बैल लागत आणि बहुतेकांच्या दावणीला एक किंवा दोन. त्यावर उतारा म्हणजे सावड. दोघे-तिघे शेतकरी बैल आणि मनुष्यबळ एकत्र करतात आणि पाळीपाळीने एकमेकांची शेते उरकतात. काही गावांत बैलांच्या अशा भागीला वारंगुळा म्हणतात. विहीर चार भावांत असली तर मोटेचे पाणीही पाळीने. इर्जिकीची तऱ्हा निराळी. कोणाचे रान पडून राहिले, घरातला कर्ता आजारी पडला, तर तो गावाला इर्जिक घालतो. दिवस ठरतो, दहा-वीस औते एकदम रानात उतरतात, मजुरी कोणी मागत नाही. संध्याकाळी यजमानाने सगळ्यांना पोटभर जेवण घालायचे, शक्यतो मटणाचे. खर्चाने पाहिले तर जेवण स्वस्त नसते. पण रोख पैसा हातात नसलेल्या शेतकऱ्याला धान्य आणि बोकड जमवणे सोपे आणि मजुरी देणे अवघड, हे गणित त्यामागे आहे.

ही व्यवस्था नेहमी चालायची असे समजणे भाबडेपणाचे होईल. व्यंकटेश माडगूळकर याच मुलखातल्या माडगुळ्याचे. त्यांच्या ‘बनगरवाडी’ या १९५५ च्या कादंबरीत औंध संस्थानातली धनगरांची एक वाडी आहे. तिथे गावकरी राबून तालीम उभी करतात आणि राजा ती पाहायला येतो, इतकी एकी त्या वाडीत आहे. त्याच वाडीत एका गरिबाला दुसरा बैल मिळत नाही आणि त्याची बायको बैलाच्या जोडीने स्वतः जुवाखाली मान देते. शेवटी दुष्काळ पडतो आणि वाडी रिकामी होते. सावड समान बळाच्या लोकांत चालते. ज्याच्याकडे द्यायला काहीच नाही, त्याला सावडीत कोणी धरत नाही.

या व्यवस्थेला जातीचीही भिंत होती. बलुतेदारांना सुगीत खळ्यावर वाटा मिळे, आणि वरवर पाहता ती दुष्काळातली विमाव्यवस्थाच वाटते. पण पीक बुडाले की बलुतेही बुडे, आणि गावाची कामे मात्र सुटत नसत. महारवाड्याच्या वाट्याला उरलेसुरले येई, आणि तेही हक्क म्हणून न देता उपकार म्हणून. आटपाडीत जन्मलेल्या शंकरराव खरातांचे ‘तराळ-अंतराळ’ हे आत्मचरित्र १९८१ मध्ये आले. गावगाड्यातली ही दुसरी बाजू त्यात आतून दिसते. धान्याची उसनवार शेजाऱ्याकडून झाली तर मापाला माप, पण सावकाराकडून झाली तर सवाईने किंवा दिढीने. पेरणीला नेलेला एक मण सुगीत सव्वा किंवा दीड मण होऊन परत द्यावा लागे. गावातली आपुलकी कुठे संपते आणि व्याज कुठे सुरू होते, हे प्रत्येक घराला पक्के ठाऊक होते.

राजवाडा या सगळ्यापासून फार लांब नव्हता. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकला, कीर्तन आणि सूर्यनमस्कार ही त्यांची तीन वेडे. सूर्यनमस्काराचा प्रसार त्यांनी शाळांतून इतक्या जोराने केला की त्याची थट्टाही होई. पण साधनांवर एक पैसा खर्च न होणारा व्यायाम गरीब संस्थानातल्या मुलांना शोभणाराच होता. शिक्षणाकडे त्यांचा विशेष ओढा. गरीब मुलांना शिकता येईल अशी औंधची ख्याती झाल्याने बाहेरूनही विद्यार्थी येत. कोकणातल्या पालगडचे पांडुरंग सदाशिव साने, म्हणजे पुढचे साने गुरुजी, त्यांपैकीच. औंधला ते स्वतः हाताने रांधून, अर्धपोटी राहून शिकले, आणि प्लेगमुळे त्यांना तिथून जावे लागले. ‘धडपडणारा श्याम’मध्ये हे औंधचे दिवस आले आहेत. त्या काळी ब्राह्मण घरांतले गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार लागले की आठवडा निघे. एखादा वार मोकळा राहिला तर त्या दिवशी उपास. ब्राह्मणेतर मुलांना ही वाट बंद होती. त्यांच्यासाठी साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ मध्ये सर्व जातींच्या मुलांचे वसतिगृह काढले. तिथे मुले स्वतः राबत, स्वतः शिजवत. पैसे संपले तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडून मुलांच्या जेवणाची सोय केली.

१९३८ मध्ये बाळासाहेबांनी प्रजेला जबाबदार राज्यपद्धती देण्याचे जाहीर केले. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रीडमन हा गांधींचा पोलिश अनुयायी, ज्याला ‘भारतानंद’ असे नाव मिळाले होते, हे दोघे गांधीजींकडे सल्ल्याला गेले. २१ जानेवारी १९३९ रोजी घटना अमलात आली. गावपंचायत हा तिचा पाया; पंचायतींतून तालुक्याची समिती आणि तिथून विधिमंडळ अशी रचना होती. गांधीजींचा आग्रह दोन गोष्टींवर होता: साक्षरता वाढावी, आणि राजघराण्याने आधी स्वतः साधे राहावे. राजाच्या खर्चाला मर्यादा पडली. किरकोळ तंटे गावातच मिटू लागल्याने लोकांचा वकील-कचेरीवरचा खर्च वाचला. कोरडवाहू शेतकऱ्याच्या दृष्टीने सगळ्या सुधारणांत हीच बहुधा सर्वात रोकडी. त्याच वर्षी आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. तिथे भिंती नव्हत्या. कैद्यांनी बायकामुलांसह राहावे, दिलेली जमीन कसावी आणि त्यावर पोट भरावे, अशी योजना होती. पुढे व्ही. शांताराम यांच्या १९५७ च्या ‘दो आँखें बारह हाथ’ची कल्पना इथूनच आली, तो चित्रपट लिहिणारे ग. दि. माडगूळकर याच मुलखातले. वसाहत आजही महाराष्ट्राच्या कारागृह खात्याकडे आहे.

संस्थानातल्या कुंडलने काटकसरीला वेगळेच वळण दिले. १९४३ ते १९४६ या काळात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या नेतृत्वाखाली इंग्रजांविरुद्ध उभ्या राहिलेल्या प्रतिसरकारचे कुंडल हे मोठे केंद्र. रेल्वे आणि खजिने लुटण्याच्या कथा सर्वांना माहीत आहेत. प्रतिसरकारने लग्नाच्या खर्चावर घातलेला लगाम त्यामानाने कमी आठवतो. हुंडा नाही, मानपान नाही, वाजंत्री नाही. खादीचे कपडे, हार आणि थोडक्या पाहुण्यांसमोर विवाह. लोक याला ‘गांधी लग्न’ म्हणत. प्रतिसरकारचे नेते जी. डी. बापू लाड यांचे लग्नही याच पद्धतीने झाले. शेतकऱ्याच्या डोक्यावरचे कर्ज अनेकदा दुष्काळापेक्षा लग्नाने वाढते, हे ओळखून केलेला हा उपाय होता. खेदाची गोष्ट एवढीच की स्वातंत्र्यानंतर ऊस आणि द्राक्षांचा पैसा आला तशी ही रीत मागे पडली.

८ मार्च १९४८ रोजी संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. दुष्काळ मात्र राहिले, आणि त्यांच्याबरोबर जगायला बाहेर पडण्याची जुनी वाटही. माण-खटावचे लोक मुंबईच्या गिरण्यांत गेले. तिथे एका गावचे पंधरा-वीस गडी मिळून एक खोली घेत आणि पाळीप्रमाणे तीत झोपत. दिवसपाळीचा गेला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. नवा पोरगा गावाकडून आला की त्याची नोकरी लागेपर्यंत खोलीतले लोक त्याला पोसत, पुढे तोच दुसऱ्या कोणाला पोसे. जेवण खाणावळीत; खाणावळवाली बहुधा गावाकडचीच, नवऱ्याच्या पगारात भागत नाही म्हणून उभी राहिलेली. खानापूर-आटपाडीचे लोक आणखी लांब पोचले. सोने-चांदी गाळण्याच्या गलाई व्यवसायात ते देशातल्या कुठल्या कुठल्या शहरांत पसरले. एकाने दुकान थाटायचे, भावकीतल्या पोराला हाताशी घेऊन काम शिकवायचे, आणि तो तयार झाला की त्याला पुढच्या गावात दुकान घालून द्यायचे, या साखळीने हे झाले. अशा माणसाला शिकाऊ असताना पगार फारसा नसे, पण राहणे-जेवणे मालकाच्या घरचे आणि पाठीशी अख्खी भावकी.

१९७२ चा दुष्काळ या सगळ्या व्यवस्थेला न पेलणारा होता. सलग दोन-तीन वर्षे पाऊस हुकल्यावर शेजाऱ्याकडेही उसने द्यायला काही उरत नाही. तेव्हा सरकारी कामे निघाली. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते. मे १९७३ मध्ये महाराष्ट्रभर सुमारे ५० लाख माणसे अशा कामांवर होती. गहू-ज्वारीच्या जागी रेशनवर अमेरिकेहून आलेली लाल मिलो मिळे, आणि कामावर सुकडी वाटली जाई. मिलोची भाकरी नीट थापली जात नसे. त्या पिढीतल्या बायका तिचे नाव काढले की अजून तोंड वाकडे करतात. खडीच्या ढिगावर पूर्वी कधी मजुरीला न गेलेल्या मराठा घरांतल्या बायकाही दिसू लागल्या, आणि कामाच्या जागी एकत्र बसून खाण्याने शिवाशिवीचा काच थोडा सैल झाला. लाज आणि भूक यांच्या झगड्यात भूक जिंकली, एवढेच त्याचे कारण.

कामाचा हक्क मागण्याची कल्पना मात्र त्याआधीच सांगली जिल्ह्यात रुजली होती. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात तिचा प्रयोग करून पाहिला होता. पुढे त्यातून रोजगार हमी योजना झाली, १९७७ मध्ये कायदा झाला आणि तो २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम, हे तत्त्व देशाने नंतर महाराष्ट्राकडून घेतले. इर्जिकीत गाव जे करू शकत होते त्याच्या पलीकडचे ओझे शासनाने उचलावे, हे यात प्रथमच हक्काच्या भाषेत मांडले गेले.

तरीही लोकांनी हात आखडला नाही. ऐंशीच्या दशकात गिरणी संपातून परतलेले कामगार आणि दुष्काळाने पिडलेले शेतकरी खानापूर तालुक्यात एकत्र आले. खटावात उगम पावणारी येरळा पुढे या तालुक्यातून वाहते. तिची वाळू ठेकेदार उपसून नेत आणि नदी कोरडी पडे. बलवडीच्या लोकांनी मुक्ती संघर्ष चळवळीच्या बळावर वाळूचा हा उपसा अडवला, थोडी वाळू स्वतः विकून आणि श्रमदान करून ‘बळीराजा स्मृती धरण’ बांधले. त्याच्या पाण्यावर जमीन नसलेल्यांचाही वाटा मानला, ही त्यातली नवी गोष्ट. जमिनीच्या प्रमाणात नव्हे, तर माणसांच्या प्रमाणात पाणी, ही मागणी पुढे आटपाडीच्या पाणी परिषदांत वर्षानुवर्षे गाजत राहिली.

बायकांनी तोच विचार पैशाच्या बाबतीत केला. भिशी तर घरोघरी होतीच: दहा-पंधरा जणींनी महिन्याला ठराविक रक्कम टाकायची आणि पाळीने एकीने सगळी उचलायची. माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला सिन्हा यांच्या पुढाकाराने या बायकांनी बँकच काढायचे ठरवले. पहिल्यांदा रिझर्व्ह बँकेने अर्ज फेटाळला, कारण अनेक प्रवर्तक महिलांना लिहितावाचता येत नव्हते. त्या साक्षरतेच्या वर्गाला बसल्या आणि पुन्हा गेल्या. आम्हाला व्याज तोंडी काढायला सांगा आणि तुमच्या माणसांना यंत्रावर, बघू कोणाचे आधी होते, असे त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावले. १९९७ मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. रोज बाजारात बसणारी भाजीवाली बँकेत यायला वेळ काढू शकत नाही, म्हणून बँकेची माणसे तिच्या पाटीपाशी जाऊन दिवसाची बचत गोळा करू लागली.

२०१२-१३ आणि २०१८-१९ च्या टंचाईत धान्य होते, दुकाने भरलेली होती, पण पाणी आणि चारा नव्हता. माण, खटाव, आटपाडीत चारा छावण्या उभ्या राहिल्या आणि घरातले एक माणूस महिनोन् महिने जनावरांबरोबर छावणीत मुक्कामाला गेले. तिथे शेजारच्या दाव्याचे जनावर आजारी पडले तर रात्री कोण जागणार, कोणाच्या मुलांचे दहावीचे वर्ष म्हणून त्याला आधी घरी सोडायचे, टँकर आला की हंडे कोणी भरायचे, हे छावणीतल्या लोकांनी आपसांतच पाळ्या लावून ठरवले.